चिकटपट्टी

"पाच वर्षं कधी भरतेत तुझी?" वाळूज एमआयडीसीत गेटबाहेरच्या टपरीवर मामांनी विचारलं. आमच्या शिफ्टमधले सगळ्यात जुने ऑपरेटर.

"मार्चमधी."

"मग आत्ताच कशाला सोडायलास? ग्रॅच्युइटीवर पाणी सोडतो का?"

नोकरी सोडताना मिळणाऱ्या त्या पैशांचा हिशेब मला पाठ आहे. बेसिक अन् महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. साठेक हजार होतात. पाच वर्षांच्या आत सोडलं की भोपळा.

मी गप्प. मामांनी तंबाखूच्या पुडीमागून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. राजीनामा! तारखेची जागा कोरी. घडीवर फाटलेला, म्हणून मधोमध चिकटपट्टी लावलेली.

"पोरीचं लग्न झालं की देणार होतो. मग घराचा हप्ता आला." हसले, जपून घडी घातली अन् ठेवून दिला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

दिवसभर मशीनवर ती चिकटपट्टीच दिसत राहिली. कागद फाटला तर माणूस नवा लिहील की! जुन्यालाच कशाला सांधत बसायचं?

माझा राजीनामा अजून मोबाईलमध्येच आहे, ड्राफ्टमध्ये. मार्चपर्यंत थांबू, का एक तारखेलाच देऊन टाकू?