काट्याच्या पाठीवर

डिसेंबरचा तिसरा रविवार जवळ आला की शेजारच्या आँटींचा निरोप येतो, ‘दुपारी जेवून ये रे, आणि येताना काटे आण.’ काटे म्हणजे खायचे काटे. नाताळच्या फराळातली कुलकुलं वळायला त्यांच्या घरातले पुरत नाहीत.

वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. ‘नाताळ’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. ते गेले, शब्द राहिला आणि फराळही. त्यातली नेवरी तर आपल्या करंजीची सख्खी बहीण. पण कुलकुलांचं काम वेगळं. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर घालून पीठ मळायचं. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची. वर रेघा उमटतात, शिंपल्यासारख्या. शिवण नीट दाबली नाही तर तेलात उलगडतं. माझं हमखास उलगडतं. ‘ह्याला पांघरूण घाल, थंडी वाजेल,’ आँटी म्हणतात आणि ते उघडं कुलकुल माझ्याच वाटीत टाकतात.

दोन किलो मैद्याची कुलकुलं एकट्याने वळायला बसलं तर नवीन वर्ष उजाडेल. म्हणून पाचसहा जण लागतातच. हात गुंतलेले, त्यामुळे मोबाइल कुणाला धरता येत नाही. मग तोंडं सुटतात. कुणाचं लग्न मोडलं, येशूजन्माच्या देखाव्यात कुणाच्या गोठ्यात यंदा कारंजं बसवलंय, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, कोण डुलक्या घेतो, सगळं त्या परातीभोवती निघतं.

आमच्या ऑफिसातही नाताळ असतो. चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटी द्यायच्या, पाचशेच्या आत. तीन वर्षांत मला तीन सुगंधी मेणबत्त्या मिळाल्या. एकही पेटवलेली नाही. दिवे गेले तरी मी साधीच शोधतो. (त्यातली एक मी पुढच्या वर्षी कुणाला तरी दिली, हे इथे कबूल करून टाकतो.)

आँटींचा मुलगा मस्कतला असतो. गेल्या वर्षी रजा मिळाली नाही म्हणून त्याने मोठं खोकं पाठवलं. चॉकलेटं, अत्तर, आईला शाल. आँटींनी शाल एकदा खांद्यावर घेतली, ‘छान आहे’ म्हणाल्या आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवली. खोकं फ्रीजवर चढलं.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. कुणाचेच हात मोकळे नव्हते, म्हणून आँटींच्या नातीने कोपराने कॉल उचलला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्याला माणसं दिसतच नव्हती, फक्त परात आणि हात.

‘कोपऱ्यातलं ते वाकडं, ते तुझं ना?’ त्याने मला विचारलं.

आँटींनी फोन उचलायला पिठाचा हात पुढे केला, तर तो म्हणाला, ‘राहू दे गं. पीठ संपेपर्यंत असाच राहू दे.’