फुयुपातामार्का: ढगांच्या काठावरचं गाव

पेरूतल्या कुस्कोबद्दल फार लिहीत नाही. शहर देखणं आहे, महाग आहे आणि गर्दी अतोनात. मला लिहायचंय ते इंका ट्रेलवरच्या, म्हणजे माचू पिक्चू या जुन्या इंका नगराकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवरच्या, केचुआ नावांबद्दल (केचुआ ही तिथली मूळ भाषा), कारण टूरवाल्यांच्या कागदावर ती नव्हतीच. 'पहिली खिंड, 4215 मीटर', 'कॅम्प 3', एवढंच. त्याचा मला फार राग आला.

त्या खिंडीचं नाव वार्मी वान्युस्का, म्हणजे मेलेली बाई. खालून पाहिलं की डोंगराची कड उताणी पडलेल्या बाईसारखी दिसते. चढताना धाप लागून थांबले की मी वर बघून तिचा चेहरा शोधायचे.

'कॅम्प 3' म्हणजे फुयुपातामार्का. आम्ही पोचलो तेव्हा ढग तंबूंच्या खाली होते. गाइड स्पॅनिश वळणाने 'पुयु' म्हणायचा. सामान वाहणाऱ्यांतले एक वयस्कर काका मात्र स्वच्छ 'फुयु' म्हणाले. इंग्रजी एफ नव्हे. ओठ मिटून सोडलेला, आजी 'फणस' म्हणायची तसा फ. मी तसाच म्हटला. काकांनी बाकीच्यांना हाक मारली आणि माझ्याकडून तो पुन्हा म्हणवून घेतला. मग शिकवणी सुरू झाली. तांता म्हणजे जमाव, थांता म्हणजे जुनं, फाटकं. तिसऱ्या शब्दात त घसा क्षणभर बंद करून फुटल्यासारखा येतो, आणि त्याचा अर्थ पाव. तो त मराठीत नाही. काका न कंटाळता म्हणून दाखवत राहिले, कोकाचा चहा दोनदा आला. त्या थंडीत इतकं अगत्य मला कुठल्याच हॉटेलात मिळालं नव्हतं.

फुयु म्हणजे ढग, पाता म्हणजे काठ, मार्का म्हणजे गाव. ढगांच्या काठावरचं गाव! शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच.

माचू पिक्चूत माणसांच्या रांगाच रांगा. माचू म्हणजे जुनं, पिक्चू म्हणजे शिखर. समोरचं वायना पिक्चू, म्हणजे तरुण शिखर. अलीकडच्या संशोधनानुसार इंका लोक या नगरालाच वायना पिक्चू म्हणत असावेत. 1911 साली अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम आल्यानंतर जगभर रुळलं ते दुसरंच नाव.

तुम्ही जाणार असाल तर नावं सामान वाहणाऱ्यांना विचारा, आणि शेवटच्या रात्रीच विचारा. पहाटे ते तंबू गुंडाळून, गाडी गाठायला वेगळ्या वाटेने खाली उतरतात. आपलं ओझं इथवर आणणारी माणसं माचू पिक्चूत आपल्याबरोबर नसतात, हे मला अजूनही खटकतं.