हक्कसोडपत्रातले दोन शब्द

फेब्रुवारीत आमच्या अमेरिकेतल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या टॅक्स ऑफिसात चहालाही उसंत नसते. त्यात काकू आल्या, हातात किराण्याच्या पिशवीत कोंबलेली काकांची कागदपत्रं. काका नोव्हेंबर 2024 मध्ये गेले, वय 74.

"अरे, ते दर डिसेंबरात आरएमडी काढायचे, ती या वेळी राहिली. दंड बसेल का रे?"

आरएमडी म्हणजे ठरावीक वयानंतर निवृत्ती खात्यातून दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम. ती राहिली होतीच. 31 डिसेंबर 2023 ला काकांच्या आयआरएत, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, 4,08,000 डॉलर होते. चौऱ्याहत्तरीला सरकारी तक्त्यातला भाजक 25.5, म्हणजे बरोबर 16,000 काढायला हवे होते. दंड पूर्वी चुकलेल्या रकमेच्या निम्मा असायचा, 2023 पासून 25 टक्के झाला. पण माणूस वर्षाच्या मध्येच गेला तर उरलेली आरएमडी बेनिफिशियरीने, म्हणजे मागे खातं ज्याला मिळतं त्याने, काढायची असते, आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत काढली तर दंड माफ. "घाबरू नका, तुम्हीच काढा," म्हणत मी बेनिफिशियरीचा फॉर्म उलगडला आणि गप्प झालो.

फॉर्म 1982 चा. काकांचं लग्न 1984 चं. नाव कराडच्या धाकट्या भावाचं, खाली दुसऱ्या नावाची ओळ कोरी.

काकू निर्धास्त. "नॉमिनीच ना? भाऊजी देतील मला. शिवाय मृत्युपत्रात सगळं माझ्या नावावर आहे."

आपल्याकडे बँकेच्या खात्यावरचा नॉमिनी पैसे नुसते ताब्यात घेतो, मालकी वारसांची. इथे फॉर्मवर ज्याचं नाव, त्याचे पैसे. मृत्युपत्राला कुणी विचारत नाही. फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतून मिळणारा निवृत्ती फंड, असता तर बायकोच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याचं नाव टिकलंच नसतं. आयआरएला ते कवच नाही.

कराडला फोन लावला. शेताच्या वाटण्यांत भाऊजींनी निम्मं आयुष्य कोर्टात घालवलेलं. "हक्कसोडपत्र ना? उद्याच करतो." दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला, अक्षर मोत्यासारखं: "सदर रकमेवरील माझा हक्क मी स्वखुशीने माझ्या वहिनी यांच्या लाभात सोडत आहे."

घोटाळा त्या 'यांच्या लाभात'मध्येच होता. आपल्या हक्कसोडपत्राचा जीवच तिथे असतो. अमेरिकेत मात्र कुणासाठी सोडतोय हे लिहिलं की तुम्ही पैसे घेतले आणि मग बक्षीस दिले, असा अर्थ होतो. फक्त 'मला नको' म्हणायचं, तेही मृत्यूपासून नऊ महिन्यांच्या आत आणि पैशाला हात न लावता. पुढचा हक्कदार कोण, ते खातं सांभाळणाऱ्या कंपनीचा करार ठरवतो. तो बारीक टाइपातला करार मी आधी दोनदा वाचला. दुसरं नाव नसेल तर हयात पत्नी, असं स्पष्ट होतं. नसतं तर भाऊजींना एक अक्षरही लिहू दिलं नसतं.

"वहिनींचं नाव काढा," मी म्हटलं.

"काढू? मग कंपनीनेच गिळले तर?"

त्यांचं चूक नव्हतं. चाळीस वर्षं कोर्टाची पायरी चढलेला माणूस मोघम कागदावर सही करत नाही. तासभर समजावलं. शेवटी काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. "भाऊजी, हा म्हणतो तस्सं लिहा."

नवा कागद एप्रिलात कुरियरने कंपनीकडे पोचला. मे महिन्यात खातं काकूंच्या नावावर झालं, 16,000 त्यांनी काढले. नव्या फॉर्मवर पहिल्या ओळीत त्यांनी मुलीचं नाव घातलं. दुसरी ओळ कोरी सोडू नका, मी म्हणालो. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "भाऊजींचं स्पेलिंग पासपोर्टवर कसं आहे, विचारतोस का?"