रविवारी पाणी आले

रविवार, रात्री साडेनऊ

आजच्या चर्चमधल्या उपासनेत बायबलातील पहिला शमुवेल, अध्याय १५ हे वाचन माझ्याकडे होते आणि नेमके आजच, चार दिवसांच्या खंडानंतर, सकाळी आठला नळाला पाणी आले. सोलापुरात पाण्याच्या दिवशी बाकीचे सगळे थांबते. शेजारच्या विडी वळणाऱ्या आजींचा पाय महिनाभर प्लॅस्टरमध्ये आहे आणि त्यांचे पाणी भरण्याचे काम मी पाळकसाहेबांसमोर आपणहून अंगावर घेतले होते. "पाणी आलंय की ओ, टीचर," ही हाक आली तेव्हा मी साडीला पिन लावत होते, आणि खरे लिहायचे तर मला आजींची दया आली नाही, राग आला. भरले मात्र. एक पिंप, तीन घागरी, दोन कळश्या. आजी मांडीवर सूप घेऊन तेंदूची ओलसर पाने कात्रीने कापत बसल्या होत्या. मी घड्याळाकडे पाहत होते.

"यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे," हे शमुवेल संदेष्ट्याचे शब्द मी पदराचे ओले टोक मुठीत धरून वाचले. अमालेक्यांचा समूळ नाश करण्याची देवाची आज्ञा असताना शौल राजाने त्यांच्या अगाग राजाला आणि उत्तम मेंढरांना राखले हे वरवर दयेसारखे दिसते, पण जे टाकाऊ होते त्याचा त्याने खुशाल नाश केला, म्हणजे ती दया नव्हती, लोभ होता. (त्याच अध्यायात तान्ह्या बाळांनाही न वगळण्याची आज्ञा आहे, तेथे माझी जीभ दरवेळी अडखळते आणि आजवरच्या एकाही प्रवचनाने ते अडखळणे थांबवलेले नाही.) उलट, "मला दया पाहिजे, यज्ञ नको" हे होशेय संदेष्ट्याचे वचन येशूने पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीत बसून नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांना ऐकवले. यज्ञ दोन्हीकडे मागे पडतो. दया आणि आज्ञा यांच्यात वडील कोण, ते मात्र कळत नाही.

दुपारी लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला. लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून शोमरोन प्रांतातल्या वाटसरूला कळवळा आला, यासाठीचा मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपलेही आतडेच तुटते. पण तो कळवळा एका वाक्यात संपतो. पुढे आहे ते सगळे काम: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत दोन दीनार आणि जास्त लागल्यास परतताना देण्याची बोली. येशू ही गोष्ट ऐकणाऱ्या शास्त्र्याला कळवळा येऊ दे असे सांगत नाही. "जा आणि तूही तसेच कर," एवढेच सांगतो. वाचून मला सुटल्यासारखे वाटले आणि लगेच त्या सुटकेचा संशय आला, कारण घागरी मी भरल्या होत्या खऱ्या, पण तोंड फिरवून.

पिंप उघडेच राहिल्याचे आठवले म्हणून संध्याकाळी आजींकडे गेले. त्यावर ताट होते आणि ताटावर वीट. तेवढ्यासाठी त्या प्लॅस्टरचा पाय ओढत उठल्या असणार. "सकाळी घाईत होता की ओ," म्हणत त्यांनी मला समोर बसवले आणि हातात दोरा दिला. माझी पहिली विडी सुटली, दुसरीही सुटली. आता पाणी बहुधा गुरुवारी.