फाईल घेऊन हायडेलबर्गला

परदेशी देवाणघेवाण म्हटलं की विद्यार्थी आठवतात, फार तर प्राध्यापक. कार्यालयातला माणूसही जाऊ शकतो, हे आमच्या विद्यापीठात कित्येकांच्या गावीही नव्हतं. युरोपीय संघाच्या एरास्मस प्लस या देवाणघेवाणीच्या योजनेत शिकवायला जाणारे आणि प्रशिक्षणाला जाणारे असे दोन्ही कर्मचारी बसतात; फक्त दोन विद्यापीठांत तसा करार हवा. मी दुसऱ्या गटातली, आंतरराष्ट्रीय कक्षात बोनाफाईड आणि ट्रान्स्क्रिप्टच्या ढिगात बसणारी. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात जायचं ठरलं आणि कागद फिरू लागले. आमच्याच इमारतीत ना हरकत प्रमाणपत्राला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्यात शेंगेन व्हिसा आला.

एप्रिलचा पहिला पंधरवडा. फ्रँकफर्टला उतरून मानहाइमला गाडी बदलली आणि हायडेलबर्ग गाठलं. नेकार नदी, जुना पूल, डोंगरावर लाल दगडाचा पडका किल्ला. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून तिथे रेंगाळत नाही. विद्यापीठ १३८६ सालचं, आणि त्याला गावापासून वेगळं काढणं कठीण. शस्त्रागाराच्या जुन्या इमारतीत मेस आहे. हवं ते ताटात घ्यायचं, मग ताट वजनकाट्यावर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. बटाटे जड असतात, हे पहिल्याच दुपारी खिशाला कळलं.

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंगही होता आणि तो १९१४ पर्यंत चालू होता. दारू पिऊन दंगा केला, द्वंद्व खेळलं की काही दिवस आत. भिंती आणि छत काजळीच्या चित्रांनी, नावांनी भरलेलं आहे. गंमत म्हणजे कोठडीतल्यांना व्याख्यानाला बसायची मुभा होती. हजेरीचं महत्त्व तिथेही होतं तर!

पण मी गेले होते ते टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते बघायला. तिथल्या कार्यालयात सगळा जीव ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाच्या कागदात आहे. विद्यार्थी निघण्याआधीच तो, त्याचं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. तिकडे हे विषय घेणार, इकडे त्यांच्या बदल्यात हे विषय माफ. परत आल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. आमच्याकडे मुलगा आधी जातो, वाद नंतर सुरू होतो. अभ्यास मोजायचं एकक म्हणजे क्रेडिट. त्यांच्याकडे वर्षाचे ६० क्रेडिट, एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रातले १५ तास व्याख्यान. आकडा सारखा दिसला तरी माप निराळं, आणि हे परीक्षा विभागाला कुणीतरी समजावून सांगावंच लागतं.

या कागदामागे एका बाईचा मनस्ताप आहे. सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकून आली. रोमच्या विद्यापीठाने तिचा तो अभ्यास मोजायलाच नकार दिला. पुढे ती वर्षानुवर्षं याच गोष्टीचा पाठपुरावा करत राहिली. १९८७ साली एरास्मस सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. हे ऐकताना आमच्याकडच्या एका मुलीची आठवण झाली. परदेशातलं सत्र नीट पास होऊन आली, आणि इथल्या मार्कमेमोवर त्याच सत्रात ‘गैरहजर’.

दुसरं भांडण कॅलेंडरचं. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. ऑक्टोबरात आपली मुलं सत्र परीक्षेच्या तोंडावर असतात. त्यामुळे जाणाऱ्याची इकडची दोन सत्रं अर्धी कापली जातात. इंटर्नशिपला हा ताप नाही. डाड (DAAD) या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या जर्मन संस्थेची ‘वाइज’ योजना भारतातल्या ठरावीक संस्थांमधल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आहे आणि ती उन्हाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांत बसते. तिथल्या प्राध्यापकाचं निमंत्रण मात्र स्वतः मिळवायचं असतं. शंभर जणांना एकच मेल पाठवणाऱ्यांना उत्तर येत नाही. त्या प्राध्यापकाचा एखादा शोधनिबंध वाचून लिहिणाऱ्याला येण्याची शक्यता तरी असते.

डाडचा जन्मही १९२५ साली हायडेलबर्गचाच, एका विद्यार्थ्याच्या धडपडीतून. अमेरिकेशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण हे त्याचं मूळ. हायडेलबर्ग विद्यापीठाची ‘नवं विद्यापीठ’ नावाची इमारत तर अमेरिकी देणग्यांतून उभी राहिली. दारावर ‘चैतन्यशील आत्म्यास’ अशी अक्षरं आहेत. नाझींनी ती बदलून ‘जर्मन आत्म्यास’ केली होती, युद्धानंतर मूळची परत आली. मी त्या दाराखाली बराच वेळ उभी होते.

एक संध्याकाळ विद्यापीठाच्याच दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात गेली. १९६२ मध्ये सुरू झालेली ही संस्था. गुंथर सोन्थायमर इथलेच. खंडोबा, म्हसकोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवलेले हे अभ्यासक, १९९२ साली गेले. फलाटावर जर्मन जाहिराती वाचताना अडखळणारी मी, आणि इथे कपाटात सरळ मराठी पुस्तकं. देवाणघेवाणीत आपण नेहमी घेणारेच असतो, हा माझा समज तिथे बराच सैल झाला.

परतल्यावर अहवाल दिला. त्यात एकच मागणी ठळक केली: मुलगा विमानात बसण्याआधी परीक्षा विभागाची सही हवी. त्यावर बैठक झाली, चहा झाला, उपसमिती नेमली. पुढच्या फेरीला मी परीक्षा विभागातल्या मॅडमचं नाव सुचवलंय. त्या म्हणाल्या, “अगं, पण माझा पासपोर्टच नाही.” सोमवारी त्यांचा फॉर्म भरायला बसणार आहोत.