बारावीला 52 टक्के, वय 29: एमबीबीएसच्या अर्जाआधी काय तपासाल

वय निघून गेलं, ही समजूत आधी काढून टाका. नीट-युजीची (एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेची) वरची वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्च 2022 मध्ये उठवली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत, बस. परीक्षा कितव्यांदा देताय यालाही बंधन नाही. बारावीचे गुण मेरिटमध्ये धरतच नाहीत, ते फक्त पात्रतेपुरते. पण जुने विद्यार्थी नेमके पात्रतेत आणि कागदपत्रांत अडकतात, नीटच्या गुणांची गोष्ट त्यानंतरची.

मार्कशीट काढा. एकूण टक्केवारी बघू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एवढीच बेरीज करा. 300 पैकी खुल्या आणि ईडब्ल्यूएस गटाला 150, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना 120. इंग्रजीत नुसतं पास पुरतं. मराठीने वर ओढून एकूण 61 टक्के झालेत पण या तिघांचे 148 आहेत, तर खुल्या गटातून तुम्ही अपात्र. 49.33 चे कुणी 50 करून देत नाही. वाईट भाग असा की फॉर्म भरता येतो, परीक्षा देता येते, स्कोअरही येतो. नकार मिळतो तो थेट कागदपत्र पडताळणीत.

गुण कमी असतील तर राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, पण ती बारावीनंतर लगतच्या मोजक्या परीक्षांपुरती. आठ-दहा वर्षं उलटलेल्यांना एनआयओएसमधून (केंद्राच्या मुक्त विद्यालयातून) बारावी पुन्हा करणं हाच व्यवहार्य रस्ता. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. प्रॅक्टिकल चुकवू नका. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या, कारण राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, शिवाय डोमिसाइल.

इंजिनिअर मंडळींचा प्रश्न वेगळा. बायफोकलला (बारावीच्या व्यावसायिक विषयाला) इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन बायोलॉजी सोडलेले आपल्याकडे हजारो आहेत. पूर्वी त्यांना दार बंद होतं. नोव्हेंबर 2023 च्या आयोगाच्या सूचनेनंतर बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून पास केलेलं चालतं. राज्य मंडळाच्या फॉर्ममध्ये याला ‘तुरळक विषय’ म्हणतात.

आता दाखले. नीटच्या फॉर्ममधला प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे भरायचा. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा राज्याचा प्रवर्ग) तिथे नाही. तिथे जनरल (किंवा बसत असाल तर ईडब्ल्यूएस) लिहायचं, आणि एसईबीसीचा दावा सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, फॉर्ममध्ये करायचा. ईडब्ल्यूएसच्या 8 लाखांच्या मर्यादेत आईवडिलांबरोबर तुमचा आणि नवराबायकोचा पगारही धरतात. नोकरी करणारे इथेच बाद होतात. नॉन-क्रीमी लेयर मात्र आईवडिलांच्या स्थितीवर ठरतं, स्वतःच्या पगारावर नाही. त्याची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा मुदत कुठल्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे ते दाखल्यावर वाचून घ्या. जात वैधतेचा प्रस्ताव बारावीच्या मुलांसाठी कॉलेज पुढे पाठवतं. तुमच्या मागे कॉलेज नाही, म्हणून जिल्ह्याच्या समितीत स्वतः जाऊन अर्ज कसा स्वीकारतात ते वर्षभर आधी विचारा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी फॉर्म भरण्याआधी दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडून बघावं. फरक असेल तर राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला हाताशी हवा. गॅपच्या (शिक्षणातल्या खंडाच्या) प्रतिज्ञापत्रात बारावीपासूनचं प्रत्येक वर्ष मोजा: पदवी, नोकरी, घरी होतो, काहीही असो, पण मध्ये सहा महिने हवेत लटकता कामा नये. कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला पदवीच्या कॉलेजात जमा असेल तर आताच सोडवून घ्या, ऐन प्रवेशाच्या राउंडच्या आठवड्यात क्लार्क रजेवर असतो.

अभ्यासाबद्दल थोडंच. 2025 च्या पेपरला 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. बरोबरला 4, चुकीला वजा 1. बायोलॉजीचे 90 प्रश्न म्हणजे निम्मा पेपर, आणि तो एनसीईआरटीच्या ओळीओळीतून येतो. जुन्या विद्यार्थ्याचा घात फिजिक्स करतं. 45 पैकी 25 सोडवले, 18 बरोबर आले, तर 72 वजा 7, म्हणजे 65. त्याच्या जोडीला बायोलॉजीत 320 आणि केमिस्ट्रीत 115 आणले की 500 होतात. तेवढ्यात सीट मिळते का? गुणांवरून सांगता येत नाही: 2024 मध्ये 720 वाले कितीतरी होते, 2025 मध्ये पहिला आला तो 686 वर. म्हणून मागच्या कॅप राउंडच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांच्या) याद्या रँकवरून वाचा. आणि भावाच्या जुन्या नोट्स घेताना जपून, 2024 पासून अभ्यासक्रम कापलाय. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, डायजेशन गेलं. वयस्कर सीनियर विभागवार 70:30 कोट्याचं गणित सांगतील, तेही 2020 मध्येच रद्द झालं.

कॅपमध्ये एक फॉर्म विचार न करता भरला जातो: स्टेटस रिटेन्शन. तो दिला की मिळालेली सीट कायम, पुढच्या राउंडला वरचं कॉलेज नाही. घराजवळचं कॉलेज हवंय म्हणून देत असाल तर ठीक, पण डेस्कवर कुणी पुढे केला म्हणून सही करू नका. सरकारी कॉलेज घेताना वयाचा हिशेबही मांडा: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सेवा. 29 व्या वर्षी प्रवेश घेतला तर बाँड सुटेपर्यंत पस्तिशी उलटलेली असते. नोकरीचा राजीनामा द्यायचा तर या आकड्यांवर घरच्यांशी बोलून झाल्यावर, आणि तोही पहिली मॉक टेस्ट पूर्ण तीन तास बसून दिल्यानंतर.