किती दिवसांत नीट होईल?

शाळेत मानसशास्त्राचं काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत गाठून विचारतात, “याला तुमच्याकडे पाठवते, किती दिवसांत नीट होईल?” पालक फोनवर विचारतात, “किती सेशन्स लागतील?” मुख्याध्यापकांचा सूर थोडा वेगळा, पण रोख तोच: “मुलांशी बोलून नेमकं होतं काय?”

या तिघांनाही सरळ सांगते. पुष्कळदा पहिले दोन आठवडे मुलाला समुपदेशनाच्या खोलीत बोलवायचंच नसतं. गोंधळ वर्गात होतो. खोलीत एकट्यानं खुर्चीवर बसलेलं मूल गुणी बाळ असतं, “परत नाही करणार” असं कबूलही करतं, आणि वर्गात गेल्यावर पुन्हा बाक वाजवायला लागतं. मग सगळ्यांना वाटतं की समुपदेशनाचा काही उपयोग नाही. मूल दुरुस्तीला टाकायचं आणि नीट झालं की परत न्यायचं, अशी ही व्यवस्था नाही.

सुरुवात होते वर्गातून आलेल्या चिठ्ठीपासून. “लक्ष नाही, उद्धट, समज द्यावी.” यातलं ‘उद्धट’ हे वर्तन नाही, तो शेरा आहे. पाच शिक्षकांना विचारलं तर पाच उद्धट निघतात: एकाच्या लेखी उलट उत्तर देणारा, दुसऱ्याच्या लेखी हाक मारल्यावर उभा न राहणारा, तिसऱ्याच्या लेखी नुसता हसणारा. म्हणून पहिलं काम म्हणजे तक्रार मोजता येईल अशा शब्दांत आणणं. ‘मराठीच्या तासाला बाक वाजवतो, पुढच्याचं दप्तर ओढतो.’ हे मोजता येतं.

मग अर्धा फुलस्केप कागद, त्यावर तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. आमच्याकडे याला एबीसी नोंद म्हणतात (अँटिसिडंट, बिहेवियर, कॉन्सिक्वेन्स या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून). पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनी निबंध लिहावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. दोन-तीन शब्द पुरतात. रोज एकच तास, तोही ज्यात त्रास सर्वांत जास्त होतो तो, आणि सलग पाच दिवस. दोन तास समुपदेशकानं स्वतः मागच्या बाकावर बसून बघायचं. त्यातला पहिला हिशेबात धरायचा नाही, कारण मागे कुणी परकं बसलं की मुलं शहाणी होतात. (बाईसुद्धा.)

समजा, सहावीतला मुलगा आहे. पाच दिवसांत सात नोंदी. मधला रकाना सातही वेळा सारखाच: बाक वाजवणं, शेजाऱ्याला कोपर मारणं. एवढ्यावरून काहीच कळत नाही. पण पहिला रकाना वरून खाली वाचला की सातपैकी सहा ठिकाणी दिसतं: ‘प्रकट वाचन चालू, याच्या आधी दोन मुलं बाकी’. आणि तिसऱ्यात: ‘बाहेर उभं केलं’. बाईंच्या लेखी ती शिक्षा होती, त्याच्या लेखी सुटका. वाचायची पाळी आली की गोंधळ घालायचा आणि वाचन टळलं की काम झालं. शिक्षा जितकी नियमित, तितकी त्याची सवय पक्की.

तोच बाक, तोच आवाज, पण तिसऱ्या रकान्यात ‘वर्ग हसला’ असेल तर प्रकरण वेगळं. तिथे त्याला लक्ष हवंय, आणि उपायही उलटा. लक्ष हवं असणाऱ्याला तास सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, त्यानं काही करायच्या आधीच काम द्यायचं: वह्या वाटणं, फळा पुसणं. आणि बाक वाजला तर तिकडे न बघता शिकवणं चालू ठेवायचं. पळवाट हवी असणाऱ्याकडे असं दुर्लक्ष करून भागत नाही. त्याला बाहेर न काढता वाचन जमेल इतकं लहान करावं लागतं. उद्याचा उतारा आज दाखवायचा, घरून तीनदा वाचून यायला सांगायचं, वर्गात फक्त दोन ओळी. नाव दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला घ्यायचं, शेवटी नाही. वाट बघण्यातच भीती वाढते. दोन आठवड्यांनी चार ओळी. ‘बिचाऱ्याला वाचायला लावू नका’ हा कनवाळू सल्ला मी कधीच देत नाही. तीही पळवाटच, फक्त आपण होऊन उघडून दिलेली.

इथे हमखास फसतं ते असं. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस गोंधळ कमी होत नाही, वाढतो. आजवर जे चालत होतं ते चाललं नाही, म्हणून मूल जोर लावतं. हे बाईंना आधी सांगितलेलं नसलं, तर तिसऱ्या दिवशी “तुमचा उपाय उलटला” असं म्हणून त्या ओरडतात. मुलाला धडा मिळतो: थोडं जास्त जोरात वाजवलं की झालं. अर्थात मारामारी असेल किंवा कुणाला इजा होण्यासारखं असेल, तिथे दुर्लक्ष हा उपायच नाही.

आता मुळाशी यायचं. वाचता का येत नाही? आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. हे इतकं साधं आहे की नेमकं राहून जातं. मग दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्यायचा आणि चुका टिपायच्या: जोडाक्षरं सोडतो का, रफार गाळतो का, घ-ध, भ-म यांत गल्लत होते का, वेलांटी-उकार धरून वाचतो की शब्दाच्या सुरुवातीवरून अंदाज ठोकतो. मराठीत संथ पण बरोबर वाचणारं मूल इंग्रजीत कोसळतं, कारण तिथे अक्षर आणि उच्चार यांचा मेळ नाही. आणि घरी मराठी, शाळा इंग्रजी, घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही अशा मुलाला लगेच ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) ठरवू नये. भाषा नवी असणं आणि अध्ययन अक्षमता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शंका टिकलीच तर रीतसर तपासणी. शाळेचा समुपदेशक शंका नोंदवू शकतो, पण परीक्षेतल्या सवलतीसाठीचं प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातूनच येतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयातलं केंद्र अनेक पालकांना ठाऊक असतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तपासणी आठव्या वर्षापासून, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी, असं ठरवलं होतं. आधी बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या निम्हान्स चाचण्या (निम्हान्स ही बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था). परीक्षेत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

पालकांची चूक इथे ठरलेली: जाग येते दहावीच्या जानेवारीत. तोवर रुग्णालयाची तारीख मिळणं मुश्कील, आणि मिळाली तरी प्रमाणपत्र वाचायला शिकवत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा विशेष शिक्षकासोबत बसावं लागतं, महिनोन्‌महिने. हे काम तिसरी-चौथीत सोपं जातं.

बुद्ध्यंकाच्या आकड्याबद्दलही एक सांगून टाकते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांसाठी चाचणी तयार केली ती मदत कुणाला लागेल हे ओळखायला, हुशारीची रांग लावायला नव्हे. आपल्याकडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३४ मध्ये तिचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं आणि ‘बिने-कामत’ आजही कपाटातून निघते. ज्या सरासरीशी गुण ताडून बघतात ती मानकं जुनी झाली की आकडा फुगतो, म्हणून कुणी नुसता बुद्ध्यंक सांगितला तर चाचणी कोणती, हे जरूर विचारा.

आता शिक्षकांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, ते योग्यच झालं. पण “छडी काढून घेतली, हातात दिलं काय?” हा शिक्षकांचा सवालही खोटा नाही. मानसशास्त्रानं त्यांच्या हातात द्यायची वस्तू म्हणजे ते तीन रकाने आणि आठवड्यातली वीस मिनिटं. ही वीस मिनिटं वेळापत्रकात लिहिलेली हवीत. ऑफ तासाला भेटू म्हटलं की त्या तासाला प्रॉक्सी (गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळणं) लागते, नाहीतर कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची निघते. वर्षातून एकदा सभागृहात ‘तणावमुक्ती’वर व्याख्यान ठेवण्यापेक्षा मुख्याध्यापकांनी ही वीस मिनिटं सांभाळली तर शिक्षकांचा ताण जास्त हलका होईल. त्या बैठकीत “तुम्ही चुकताय” असा सूर लागला की पुढच्या आठवड्यात कुणी येत नाही. “आजवर काय काय करून बघितलंत?” इथून सुरुवात करावी, निम्मं उत्तर त्यांच्याकडेच असतं.

मूल खोलीत बोललेलं शिक्षकखोलीत चहाबरोबर फिरलं, तर त्या शाळेत कुठलंच मूल पुन्हा मनातलं बोलत नाही. बाईंना एवढंच सांगायचं की वर्गात काय करायचं. का, ते गरजेपुरतं. याला अपवाद आहेत, आणि ते मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी संस्थेला विचारू’ ही सबब चालत नाही. मूल मरणाबद्दल बोललं किंवा वहीच्या मागच्या पानावर तसं काही लिहिलेलं दिसलं, तर त्याच दिवशी पालकांना बोलवायचं, तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. अशा वेळी तीन रकाने भरत बसायचं नसतं.

ज्या शाळेत समुपदेशक नाही (जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत नाहीच), तिथेही तो तीन रकान्यांचा कागद चालतो. दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात एकेक तास बसून नोंद केली तरी पुष्कळ उलगडतं. अध्ययन अक्षमतेची शंका आली तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठावं.

तर किती दिवस? वरच्यासारख्या प्रकरणात साधारण सहा ते आठ आठवडे. चौथ्या आठवड्यात पुन्हा पाच दिवस तोच कागद. सातच्या तीन नोंदी झाल्या असतील तर चालू ठेवायचं. सातच्या सातच राहिल्या तर कारण ओळखण्यात आपली चूक झाली, असं धरून पहिला रकाना पुन्हा वाचायचा. आणि एक गोष्ट एप्रिलमध्येच करून टाकावी. जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलते, नव्या बाई पहिल्याच आठवड्यात त्याला बाहेर उभं करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून परीक्षेचे पेपर तपासून झाले की पुढच्या बाईंसाठी पाच ओळींची चिठ्ठी लिहायची: ‘उतारा आदल्या दिवशी द्या. नाव लवकर घ्या. चार ओळी वाचतो. बाहेर काढू नका. चश्मा विसरतो, विचारा.’